तापमान गाठलं, तरी बदल का होत नाही?

प्रश्न : 0.8 टक्के कार्बनच्या साध्या पोलादाचे, 20 मिमी जाडीचे पंच (ठोकून भोक पाडायची हत्यारं) 800 अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात बुडवले. एकावर काही ठिकाणी कानस नुसती घसरते, काही ठिकाणी चक्क लागते. दुसऱ्याला रात्रभरात तडा गेला. भट्टीचं तापमान तपासलं, बरोबर आहे.

उत्तर : मग दोष वेळेत शोधा. 727 अंशांच्या खाली ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची रचना, टिकाऊ नसतं, पण ते लगेच बदलत नाही. आधी नव्या प्रावस्थेची (नव्या रचनेची) बारीक केंद्रकं, म्हणजे सुरुवातीचे कण, तयार व्हावी लागतात, मग ती वाढतात. 700 अंशांच्या आसपास केंद्रकं सहजी जमत नाहीत. 300 च्या आसपास कार्बनचे अणू फार हळू सरकतात. या दोन्हींच्या मध्ये, साधारण 550 अंशांना, बदल सर्वांत वेगात होतो. तुमच्या पोलादात तो सेकंदभरात सुरू होतो. तेवढ्या वेळात हा टप्पा ओलांडला तरच ऑस्टेनाइट तसंच खाली उतरतं आणि सुमारे 220 अंशांपासून कठीण मार्टेन्साइट होऊ लागतं. ओलांडला नाही, तर मऊ पर्लाइट.

पाण्यात पंचाभोवती वाफेचं आवरण बसतं. ते जिथे रेंगाळतं तिथे तो सेकंद हातचा जातो आणि मऊ डाग पडतो. पाण्यात वजनाने 10 टक्के मीठ घाला आणि पंच उभा धरून सतत हलवत राहा. डागाचा निकाल लावण्यापूर्वी वरचा 0.3 मिमी थर घासून पाहा. भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळाला असेल तर तो थरही कानशीला लागतो. गाभा मऊ राहणारच. एवढ्या जाडीत साधं कार्बन पोलाद वरचे काही मिलिमीटरच कठीण होतं, आणि ठोके खाणाऱ्या पंचाला ते सोयीचंच आहे.

तड्याचं कारणही वेळच. मार्टेन्साइट होताना आकारमान सुमारे 4 टक्के वाढतं आणि ताण आत कोंडतो. टेंपरिंग (बेताच्या तापमानाला पुन्हा तापवणं) न करता पंच रात्रभर ठेवला, की उरलेलं थोडं ऑस्टेनाइटही बदलू शकतं. मग धारदार कोपरा किंवा ठोकून उमटवलेला क्रमांक तड्याला वाट देतो. म्हणून पंच हाताला सोसेल इतका निवला, की लगेच टेंपरिंगला ठेवा : 250 ते 280 अंश, किमान एक तास. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही. कोपरे मात्र हार्डनिंगच्या आधीच गोल करून घ्या.

प्रश्न : सोडियम ॲसिटेटची शेकायची पिशवी उकळून ठेवली, तर घट्ट होणं सुरू करणारी आतली धातूची चकती दाबण्याआधीच घट्ट होते.

उत्तर : आत कुठेतरी स्फटिक शिल्लक आहे. हा क्षार 58 अंशांना वितळतो आणि स्वच्छ वितळला तर खोलीच्या तापमानालाही बराच काळ द्रव राहतो, कारण वाढ सुरू करायला केंद्रकच नसतं. पण कोपऱ्यात किंवा चकतीच्या खाचेत एक कण उरला, की निवताना तोच केंद्रक ठरतो. पिशवी कापडात गुंडाळून 10-15 मिनिटं उकळा. उजेडासमोर धरून एकही पांढरा ठिपका नाही ना, ते पाहा. मग न दाबता निवू द्या. कितीही उकळून पांढरं राहतंच असेल, तर प्लॅस्टिकमधून पाणी उडून गेलंय. ती पिशवी टाकून द्या.

प्रश्न : थंड गोदामातल्या शुद्ध कथलाच्या पट्ट्यांवर करडे फोड आले. हा गंज आहे का?

उत्तर : नाही. 13.2 अंशांच्या खाली पांढरं कथील करड्या रूपात बदलतं, सुमारे 27 टक्के फुगतं आणि भुकटी होतं. 10 अंशांना याला वर्षं लागू शकतात. उणे 30-40 च्या आसपास वेग सर्वाधिक असतो. फोड आलेल्या पट्ट्या आधी वेगळ्या करा, कारण करडी भुकटी चांगल्या पट्टीला लागली तर तीच केंद्रकाचं काम करते. भुकटी 232 अंशांच्या वर वितळवली की पुन्हा पांढरं कथील मिळतं, फक्त थोडा माल मळीत जातो. माल थंडीतच ठेवावा लागणार असेल, तर थोडं अँटिमनी किंवा बिस्मथ मिसळलेलं कथील घ्या.