जर्मनीला जायचंय, एजंट सहा लाख मागतोय

पत्र, थोडक्यात: "मॅडम, मी २३ वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून दीड वर्ष झालं. जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी करते, हातात १४ हजार येतात. नाशिकचा एक एजंट म्हणतो, जर्मनीत नर्सची नोकरी नक्की, महिन्याला तीन लाख, भाषा तिकडे गेल्यावर शिकता येते. एकूण सहा लाख मागतो, त्यातले दोन लाख महिनाअखेरपर्यंत. आप्पा म्हणतात कापसाचे पैसे येतील ते देऊ, कमी पडले तर एक एकर गहाण टाकू. काका म्हणतात आधी लग्न उरका. आजी एवढंच विचारते, 'तठे तुनं कोन शे व माय?' मला जायचंय, पण रात्रीची झोप उडालीय. काय करू?"

प्रिय वैशाली (नाव बदललं आहे),

महिनाअखेर जवळ आहे म्हणून आधी तेवढंच सांगते. ते दोन लाख देऊ नकोस. आणि जमीन गहाण टाकायचा विचार आप्पांनी आजच सोडून द्यावा, कारण नर्सनं जर्मनीला जाण्याच्या सरळ वाटेवर एवढ्या पैशांची गरज कुठेच पडत नाही. तू जाऊ नकोस असं मात्र मी म्हणत नाही. तुझं शिक्षण तिकडे खरंच हवं आहे. बाकीचं सविस्तर लिहिते, आप्पांनाही वाचून दाखव.

"भाषा तिकडे गेल्यावर शिकता येते", एजंटच्या या वाक्यापाशीच मी थांबले. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला तिथल्या राज्याच्या यंत्रणेकडून आपल्या शिक्षणाला मान्यता मिळवावी लागते. पूर्ण मान्यतेसाठी जर्मन भाषेची साधारणपणे बी-२ पातळी लागते. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा पायऱ्या असतात, म्हणजे ही चौथी. नर्सिंगची वाट धरून व्हिसा मागणाऱ्यांकडे बहुतेक वेळा बी-१ तरी असावंच लागतं. भाषेशिवाय नेतो म्हणणारा तुला नर्स म्हणून नेत नाहीये. असे काही जण टुरिस्ट व्हिसावर पाठवतात आणि "तिथे गेल्यावर बदलून घेऊ" म्हणतात. त्या व्हिसावर ९० दिवस राहता येतं, नोकरी करता येत नाही.

दुसरं, पैशांचं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही पाहता येतं. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. आता सहा लाखांचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघ. परदेशी नर्सच्या भरतीसाठी जर्मनीत सरकारी गुणवत्ता शिक्का आहे. तो मिळवलेल्या संस्थेनं नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत, खर्च नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलनं करायचा, ही त्याची मूळ अट आहे. केरळ सरकारच्या नॉर्का रूट्स या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन सरकारी संस्थांशी करार केला, त्या योजनेतही नर्सला भरतीसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. आपल्या राज्य सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याखाली सध्या काय चालू आहे, हे जळगावच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात स्वतः जाऊन विचार. फोनवर भागवू नकोस.

तीन लाखांचा हिशेब मांडून बघू. तिथल्या वृद्धसेवा केंद्रांत शिकलेल्या नर्सला द्यायचा किमान पगार जुलै २०२५ मध्ये तासाला २०.५० युरो ठरला. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला साधारण ३,४५० युरो होतात. युरोला शंभर रुपये धरले की एजंटचे तीन लाख दिसतात खरे. पण एकट्या माणसाचा कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा असं सगळं मिळून जवळपास एक तृतीयांश कापलं जातं. हातात सव्वादोन हजार युरोंच्या आसपास येतात. त्यातून खोलीचं भाडं, खाणं, थंडीचे कपडे. शिवाय मान्यता पूर्ण होईपर्यंत साहाय्यकाचा पगार मिळतो, तो याहून कमी. तरीही काटकसरीनं राहणारी मुलगी घरी चांगले पैसे पाठवू शकते, हे मी नाकारत नाही. फक्त आप्पांनी कर्जाचा हप्ता तीन लाखांवर मोजू नये.

आता भाषेबद्दल. मला तुझ्याशी बोलायचंय ते मुख्यतः हेच.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की इंग्रजीसुद्धा कच्चं आहे, जर्मन कसं जमेल. वैशाली, तू पहिलीच्या वर्गात बसलीस तेव्हा घरी अहिराणी बोलत होतीस आणि बाईंनी पुस्तक उघडलं ते मराठी होतं. त्या वयात एक भाषा तू कानानं उचलली आहेस. नंतर जीएनएमला इंग्रजी नावांची औषधं पाठ केलीस. आज वॉर्डात एखादी म्हातारी "पोटमा दुखस" म्हणाली की बाहेरगावहून आलेले डॉक्टर तुझ्याकडे बघतात आणि तू त्यांना मराठीत सांगतेस. हे काम तू रोज करतेस, म्हणून ते तुला काम वाटत नाही.

जर्मनीत हीच गोष्ट उलट्या बाजूनं समोर येईल. क्लासमध्ये शिकवतात ती पुस्तकी जर्मन. वॉर्डातले ऐंशी वर्षांचे आजोबा मात्र आपली बोली बोलणार. मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात चार वर्षं राहिले, तिकडे श्वेबिश बोली आहे. घराला पुस्तकात हाउस, छोट्या घराला हॉयसशेन. आमच्या गल्लीत सगळे हॉयसले म्हणायचे. पहिले तीन महिने मला वाटायचं की आपल्याला भाषा येतच नाही. मग लक्षात आलं, पुण्यात शिकलेली मुलगी शिरपूरच्या बाजारात उभी राहिली तर तिचंही हेच होईल. बोलीला बुजायचं नाही, परत विचारायचं, हे ज्या मुलीला घरातूनच माहीत आहे तिला तिकडे निम्मं कमी जड जातं.

बी-२ पर्यंत जायला साधारण सहाशे ते साडेसातशे तासांचं शिक्षण लागतं. नोकरी सांभाळून केलंस तर दीड वर्ष धर, नोकरी सोडून पूर्णवेळ केलंस तर दहा-बारा महिने. मॅक्सम्युलर भवन पुण्यात आणि मुंबईत आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. जळगावात कुठे शिकायचं असेल तर शिकवणाऱ्यानं स्वतः कुठली परीक्षा कधी दिली ते विचार, आणि प्रमाणपत्र बघायला माग. चारही पायऱ्यांचा खर्च मिळून एजंटच्या रकमेच्या निम्म्याहून कमी राहतो, आणि तो एकदम नाही, पायरीपायरीनं भरायचा असतो. ए-१ ला तीन-चार महिने लागतात. तेवढ्यात तुला कळेल की ही भाषा तोंडात बसतेय की नाही, आणि आप्पांनाही कळेल की पोरगी रात्रपाळी करून वही उघडते की नाही. नाही जमलं तर गेले तीन महिने आणि एका पायरीची फी. जमीन जागेवर राहिली.

कामाबद्दल एक गोष्ट एजंट सांगणार नाही, आणि तिथे गेलेल्या आपल्या मुली पहिल्या महिन्यात त्यावरूनच रडतात. इथे तू सलाईन लावतेस, इंजेक्शन देतेस, ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहतेस. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, शौचाला नेणं हे घरचे लोक नाहीतर मावशी करतात. तिकडे पेशंटजवळ नातेवाईक बसलेले नसतात. ही सगळी सेवा नर्सच्या कामाचा गाभा आहे, आणि इथे तू हातखंडा करतेस त्यातली काही कामं तिथे डॉक्टर करतात. कुणी तुला खाली ढकललं म्हणून ते तुझ्याकडे येत नाही, तिथे नर्सिंग म्हणजेच ते. हे मनाला पटतंय का, याचा विचार इथेच कर. पुढच्या रविवारी वॉर्डातल्या एखाद्या म्हाताऱ्या पेशंटचं अंग स्वतः पुसून दे आणि बघ काय वाटतं.

काही एजंट जीएनएम झालेल्या मुलींना आउसबिल्डुंगला, म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला पाठवतात. विद्यावेतन मिळतं, वाट चांगली आहे, पण ती बारावी झालेल्यांसाठी. तू ती तीन वर्षं इथे करून बसली आहेस. तुझी वाट मान्यतेची: तिथली यंत्रणा तुझ्या अभ्यासक्रमाची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना करते, काय कमी आहे ते लेखी कळवते, मग ते भरून काढायला काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा परीक्षा.

त्या तुलनेसाठी आत्तापासून कागद जमव. कॉलेजकडून प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेला, सही-शिक्क्याचा तक्ता घे. निव्वळ मार्कशीटवर भागत नाही, आणि कॉलेजातले ओळखीचे क्लार्क बदलले की हा कागद मिळायला महिने जातात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेव. आणि नावाकडे बघ. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर तिसराच. काकांचं ऐकून लग्न झालं तर चौथा. सगळीकडे एकच स्पेलिंग राहील हे पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी जुळव. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तो स्वतःच काढ.

तिकडे राहण्याचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण तुझी झोप त्यानंच उडाली असेल. मला आठवतं, राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक छोटी पाटी अडकवली. मला अर्थ कळला नाही, मी ती तशीच राहू दिली. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, भराभर बोलल्या आणि निघून गेल्या. मी दार लावून रडले. सोमवारी ऑफिसात कळलं की ती पाटी म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी माझी. त्या भागातली जुनी पद्धत आहे, केरवोखे म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळी मी बादली घेऊन तीनही मजले पुसले, आपण सणाला ओटा पुसतो तसे. आजींनी दार किलकिलं करून पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला प्लमचा केक आणून दिला. माझा त्यांच्यावरचा राग त्या बादलीत गेला, आणि नंतर चार वर्षं त्या इमारतीत मला सगळ्यात जास्त त्यांनीच जपलं. नियम कुणी सांगत नाही, आणि चुकला की थेट तोंडावर बोलतात. ते बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, विचारून घे.

"तिकडे तुझं कोण आहे?" हा आजीचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. आप्पा तरुणपणी सुरतेला लूमवर होते असं तू लिहिलंयस. त्यांना विचार, पहिल्या रात्री ते कुठे झोपले? गावातल्याच कुणीतरी आधी घेतलेल्या खोलीत ना? खान्देशातली माणसं सुरतेला गेली ती अशीच, एकानं दुसऱ्याला ओढून. जर्मनीत तुला ओढणारं कुणी नाही, म्हणून ती खोली करारात लिहून घ्यावी लागते. पहिले काही महिने राहण्याची सोय कोण करणार, विमानाचं तिकीट कोणाचं, मान्यतेच्या काळात पगार किती, आणि नोकरी लवकर सोडलीस तर काही रक्कम परत द्यायची अट आहे का, हे चार मुद्दे करारात शोध. शेवटची अट अनेक करारांत असते आणि सही करताना कुणी दाखवत नाही. हॉस्पिटलचं नाव, गावाचं नाव असलेला करार हातात येईपर्यंत आजीला सांगायला तुझ्याकडे उत्तर नाही.

लग्नाचं काकांना एवढंच सांग: दीड वर्ष तू जळगावातच आहेस, स्थळं बघायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. मुलाला मात्र पहिल्याच भेटीत जर्मनीचं सांगायचं.

सोमवारी दोन कामं कर. एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक लेखी माग, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. आणि कॉलेजात तासांच्या तक्त्यासाठी अर्ज दे, पोच घेऊन ये. एजंटनं काय उत्तर दिलं ते मला कळव. करार आलाच तर सही करण्याआधी त्याची सगळी पानं पाठव, मी वाचते.

तुझी,
करिअर मार्गदर्शक