वाचकांचे प्रश्न : क्रॅनबेरीची चटणी जपानला नेताना

प्रश्न : आम्ही सासू-सुना विस्कॉन्सिनमध्ये क्रॅनबेरीची तिखट-गोड चटणी करून विकतो. परदेशी प्रदर्शनात भाग घ्यायला निम्मा खर्च मिळतो असं कळलं. टोकियोच्या फूडेक्स या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला जाऊ, तिथल्या शेफकडून आपल्या चटणीचे पदार्थ करून घेऊ, असं सून म्हणते. एवढ्या गर्दीत आम्हाला कोण विचारणार?
– एक वाचक, मॅडिसन

उत्तर : ताई, सूनबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण विमानाची तिकिटं आत्ताच काढू नका. हा पैसा अमेरिकी कृषी खात्याच्या मार्केट ॲक्सेस प्रोग्रॅमचा. तुमच्या भागात तो शिकागोच्या फूड एक्स्पोर्ट मिडवेस्ट या संस्थेमार्फत मिळतो. आधी अर्ज मंजूर व्हावा लागतो, मग खर्च तुम्ही करायचा आणि पावत्या दाखवून निम्मा परत घ्यायचा. मंजुरीच्या आधी केलेला खर्च यात धरत नाहीत. शिवाय पाणी आणि बाटली सोडून वजनाने किमान निम्मा माल अमेरिकी शेतातला हवा. मिरची-मसाला भारतातून आणत असाल तरी हरकत नाही, त्याचं वजन ते किती! साखर मात्र कुठली आहे ते बघा, चटणीत ती बरीच पडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घटकांची यादी. अमेरिकेत सर्रास चालणारं सोडियम बेन्झोएट हे पदार्थ टिकवणारं रसायन जपानमध्ये मोजक्याच प्रकारच्या पदार्थांत चालतं. प्रदर्शनातल्या अमेरिकी दालनात उभी असताना मी पुन्हा पुन्हा पाहिलंय : आयातदार चव घेतो, खूश होतो, दुसरा चमचा मागतो, मग यादी वाचतो आणि बोलणं तिथेच थांबतं. कृषी खाते प्रत्येक मोठ्या बाजारपेठेचे आयात-नियम अहवालरूपात फुकट देते आणि टोकियोत त्यांची व्यापार-कचेरीही आहे. आधी तिथे लिहा. भेटी ठरवायलाही तिथूनच मदत मिळते. फूडेक्स मार्चमध्ये भरतं. स्टॉल मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलात तर तुमची भीती खरी ठरेल. चार भेटी आधी ठरवून गेलात तर गर्दीशी तुमचा संबंधच नाही.

आता शेफचं. याबद्दल मला फार मनापासून सांगायचंय, कारण इथेच बहुतेक लहान कंपन्यांचे पैसे वाया जातात. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला शिजवतात तो टर्की पक्षी, शेजारी क्रॅनबेरी, मागे मोठा झेंडा, असा कार्यक्रम करतात. लोक फोटो काढतात आणि जातात. कुणाच्याही रोजच्या स्वयंपाकात ती चटणी शिरत नाही.

याउलट एक जुनं उदाहरण बघा. १९५६ पासून काही वर्षं जपानच्या गावोगावी स्वयंपाकघर बसवलेल्या बसगाड्या फिरत. पैसा अमेरिकी, पुढाकार ओरेगनच्या गहू उत्पादकांच्या संघटनेचा. पण करून दाखवणाऱ्या बायका जपानी, आणि पदार्थ घरी करता येतील असे. भातावर वाढलेल्या बायकांना कणकेचं काय करायचं हे त्यांच्याच भाषेत, त्यांच्यासमोर शिजवून दाखवलं. त्यामागचा हेतू धान्य खपवण्याचा होता आणि त्यावर जपानमध्ये टीकाही झाली, तीही वाचायला हवी. पण शिकवण्याची पद्धत अचूक होती.

बीफचंही तसंच. अमेरिकी गाईच्या पोटाकडचं चरबीदार शॉर्ट प्लेट जपानमध्ये पातळ चकत्या करून भातावर घालतात, त्याला ग्यूदोन म्हणतात. डिसेंबर २००३ मध्ये मॅड काऊ या गुरांच्या रोगामुळे जपानने अमेरिकी बीफ बंद केलं, तर योशिनोया या मोठ्या साखळीने फेब्रुवारी २००४ मध्ये ग्यूदोन विकणंच थांबवलं. एखाद्या पदार्थाला तुमचाच माल लागतो, इतकं नातं जुळायला हवं.

म्हणून शेफ तिथलाच घ्या. याकितोरीला (काडीला लावून भाजलेलं चिकन), तोंकात्सूला (तळलेलं डुकराचं मांस) ही चटणी कशी लागते ते त्याला स्वतःच्या हाताने करून बघू दे. तिखट त्याला जास्त वाटलं तर ऐका. बोलावताना शंभर पाहुणे नकोत. उपाहारगृहांच्या साखळ्यांत मेनू ठरवणारे आणि हॉटेलांची खरेदी बघणारे मोजके लोक हवेत. त्यांच्या हातात जपानी भाषेतलं कार्ड द्या : एका ताटाला चटणी किती ग्रॅम, तिचा खर्च किती येन, उघडलेली बाटली किती दिवस टिकते. मी अशा कार्यक्रमांत बघितलंय, शेफची टोपी विसरतात, ते कार्ड मात्र खिशात घालून नेतात.

प्रश्न : करदात्यांच्या पैशातून खासगी कंपन्यांची जाहिरात कशासाठी?
– एक विद्यार्थी, न्यू जर्सी

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. १९८५ मध्ये ही मार्केट ॲक्सेसची योजना वेगळ्या नावाने सुरू झाली, आणि मॅकडोनल्ड्सच्या चिकन नगेट्सच्या परदेशी जाहिरातीलाही त्यातून पैसा गेला होता. त्यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, बराच गदारोळ झाला. १९९८ पासून ब्रँडच्या प्रसिद्धीसाठीचा पैसा लहान कंपन्या आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाच मिळतो. तोही साधारणपणे एका देशात पाचच वर्षं. मग स्वतःच्या पायावर. कित्येक वर्षं योजनेची तरतूद वर्षाला २० कोटी डॉलरची राहिली आणि तिचा मोठा भाग बदाम, गहू, मांस अशा मालाच्या सामायिक प्रसिद्धीवर जातो, तिथे कुठल्याच कंपनीचं नाव नसतं. मला हा सामायिक भाग पटतो. विस्कॉन्सिनच्या एकट्या शेतकऱ्याला टोकियोत स्वयंपाकाचा वर्ग भरवणं परवडणार नाही. मोठ्या ब्रँडना पैसा द्यायला मात्र माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे.