युद्धरोखा, युद्धबंधपत्र की युद्धनिधी?

जळगावच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: पूर्व खानदेशातली १९४० च्या सुमाराची जुनी कागदपत्रे टंकित करताना 'वॉर फंड', 'डिफेन्स बाँड' आणि 'डिफेन्स सेव्हिंग्ज सर्टिफिकेट' हे शब्द भेटतात. तिन्हींना 'युद्धबंधपत्र' म्हटले तर चालेल का?

चालणार नाही. बंधपत्र म्हणजे अट पाळण्याची लेखी हमी. जामिनासाठी देतात ते बंधपत्र, डॉक्टर ग्रामीण सेवेसाठी लिहून देतात तेही बंधपत्र. इथे तर सरकार लोकांकडून कर्ज घेत होते, म्हणून शब्द हवा कर्जरोखा किंवा नुसता रोखा. 'बाँड' तसाच ठेवला तर आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. तहसील कचेरीबाहेर 'पाचशेचा बाँड' म्हणजे मुद्रांक कागद, आणि वाचक तोच समजेल.

आधी मुद्दल परत मिळणार होते का ते पाहावे. वॉर फंडात दिलेले पैसे परत येत नसत. ती वर्गणी, म्हणून 'युद्धनिधी'. व्याजावरून मात्र ठरवू नये. १९४० साली सरकारने तीन टक्क्यांच्या सहा वर्षांच्या संरक्षण रोख्यांबरोबर बिनव्याजी रोखेही काढले होते. व्याज नसले तरी मुद्दल परत मिळे, म्हणजे तेही कर्जच.

सर्टिफिकेट वेगळे. ते पोस्टात मिळे आणि व्याज दरवर्षी हातात न येता साचत जाई. दहा रुपयांच्या प्रमाणपत्राचे दहा वर्षांनी तेरा रुपये नऊ आणे होत. त्याला 'संरक्षण बचत प्रमाणपत्र' म्हणावे. कागदावर दहाच रुपये छापलेले असतात, म्हणून टिपेत 'दहा रुपये मिळाले' असे लिहू नये.

१९६५ चे राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे याच कुळातले. सोने देऊन १९८० मध्ये सोनेच परत घ्यायचे, आणि दर दहा ग्रॅममागे वर्षाला दोन रुपये व्याज. सोन्याचा व्यवहार जाणणाऱ्या जळगावात हा शब्द परका वाटू नये.

टंकनात हमखास चुकते ते सामान्यरूप. 'रोखाचे व्याज' नव्हे, 'रोख्याचे व्याज'. अनेकवचनी 'रोख्यांचे'. 'रोख' म्हणजे नगद, तो शब्द निराळा. 'रोख रक्कम' आणि 'रोख्याची रक्कम' एकाच ओळीत आल्या, तर मूळ कागद पुन्हा पाहून घ्यावा.