कॅन्सरबद्दल लोकांनी आवाज उठवून सरकारी धोरण खरंच बदलतं का?

बदलतं, पण वर्षं जातात आणि कधीकधी कोर्टाची पायरी चढावी लागते. ग्लिव्हेकचंच बघा ना, ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारावरची गोळी, तेव्हा नोव्हार्टिस कंपनीची घेतली तर महिन्याला लाखाच्या वर आणि जेनेरिक, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, साधारण दहा हजारात, तर नोव्हार्टिसने मागितलेल्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला, केस पार सुप्रीम कोर्टात गेली आणि १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिस हरली.

गुटख्याचंही तसंच. टाटा हॉस्पिटलचे डॉ. पंकज चतुर्वेदी तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट सोबत घेऊन नेत्यांना भेटायचे, नुसत्या आकड्यांनी कोण हलतंय इथे! २०१२ ला महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा.

आता नाशकात टपरीवर हळूच मागितला तर अजूनही मिळतोच, ते वेगळं. पण शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे तुमच्या भागात दिसलं तर लेखी तक्रार द्या, आणि वर्षभरात किती कारवाया झाल्या ते माहिती अधिकारात विचारा, नगरसेवकालाही कॉपी द्या.