घरखर्चाची प्रश्नोत्तरे: तेलाच्या पिशवीपासून क्रेडिट कार्डापर्यंत

सहकारी बँकेच्या काउंटरवर मी 31 वर्षं बसले. महिन्याच्या 25 तारखेनंतर पासबुक घेऊन येणाऱ्यांचे चेहरे मला पाठ होते. त्यामुळे घरखर्चाबद्दल कुणी विचारलं की मी तो प्रश्न हलका मानत नाही. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी सहा निवडले आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही चौघं. किराणा पूर्वी वाण्याकडून महिन्याचा भरायचो, आता मॉलमधून ऑफर बघून आणि मधेअधे मोबाइलवरून मागवतो. तरी बिल वाढतंच आहे. नेमकं चुकतंय कुठे? (गृहिणी, डोंबिवली)

घरातली तेलाची पिशवी हातात घ्या आणि तिच्यावरचं वजन वाचा. किंमत नव्हे, वजन. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. दुकानात मात्र 850 ग्रॅमच्या, 800 ग्रॅमच्या, अगदी 750 ग्रॅमच्याही पिशव्या असतात आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. समजा 850 ग्रॅमची पिशवी 140 रुपयांना आहे आणि 910 ग्रॅमची 146 ला. हात आपोआप 140 च्या पिशवीकडे जातो. पण किलोवर मोजलं तर पहिलं तेल जवळपास 165 रुपये पडलं आणि दुसरं 160. स्वस्त म्हणून उचललेली पिशवीच महाग निघाली. डब्याचंही तसंच. 15 किलोचा डबा वेगळा आणि 15 लिटरचा वेगळा. लिटरच्या डब्यात तेल भरतं जेमतेम साडेतेरा-पावणेचौदा किलो. भाव विचारताना ‘डबा कितीला’ असं न विचारता ‘किलोला काय पडला’ असं विचारा.

हीच नजर बिस्किटं, साबण, चहा पावडर, डिटर्जंट या सगळ्याला लावा. किंमत तीच ठेवून आतला माल कमी केलेला असतो. आता पाकिटांवर किंमतीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो. चष्मा लावून तो वाचायचा. ‘दोनवर एक फुकट’ची गंमतही तिथेच कळते.

मोबाइलवरून मागवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोथिंबीर संपली म्हणून ॲप उघडलं की कोथिंबिरीबरोबर चिप्स येतात, आइस्क्रीम येतं, वर डिलिव्हरीचे आणि हाताळणीचे पैसे वेगळे. फ्रिजवर एक कागद चिकटवा. जे संपेल ते त्यावर लिहायचं आणि आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी आणायचं. मधे काही संपलं तर त्यावाचून भागवायचं. दोन-तीन आठवड्यांत घराला सवय होते.

धान्याचं म्हणाल तर नवा गहू एप्रिल-मे मध्ये येतो, तेव्हा घेतलेला बरा पडतो. महिन्याला 20 किलो लागत असेल तर वर्षाचे जवळजवळ अडीच क्विंटल होतात, आणि फ्लॅटमध्ये तेवढी कोठी कुठे ठेवणार? मग निदान पावसाळ्याचे चार महिने निघतील एवढा घ्या. दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरा. गरम गहू डब्यात भरला की वाफ धरते आणि किडे होतात. स्वस्तात घेऊन किड्यांनी खाल्ला तर काय उपयोग!

प्रश्न : एप्रिलपासून विजेचं बिल दुपटीहून जास्त येतंय. घरात एक कूलर, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही. एसी नाही. शेजारी म्हणतात 100 युनिटं ओलांडली की सगळीच युनिटं महाग लागतात. खरं आहे का? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, ते खरं नाही. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत : 100 युनिटांपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे. पहिली 100 युनिटं पहिल्याच दराने लागतात, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा दर दुपटीच्या आसपास जातो, म्हणून बिल एकदम उडी मारल्यासारखं वाटतं. याचाच फायदा असा की तुम्ही जे युनिट वाचवाल ते सर्वांत महागातलं वाचेल.

आता हिशेब मांडू. 1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. कूलर साधारण 180 वॅटचा धरला आणि रात्रीचे 10 व दुपारचे 4 तास चालला, तर दिवसाला अडीच आणि महिन्याला 75 युनिटं. साधा छताचा पंखा 75 वॅटचा. तो 16 तास फिरला तर महिन्याला 36 युनिटं, म्हणजे तीन पंख्यांची 108. सगळे कूलरला दोष देतात, पण तुमच्या घरात पंखेच जास्त वीज ओढतायत.

बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण 30 वॅटमध्ये देतो. त्याच 16 तासांत त्याची महिन्याला 15 युनिटंही होत नाहीत. एका पंख्यामागे 21 युनिटं वाचली. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार धरून 10 रुपयांच्या वर पडतं, म्हणजे उन्हाळ्याच्या महिन्यात एका पंख्याचे 200 रुपयांहून जास्त वाचले. पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. तिन्ही एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो, बहुधा तुमच्या बैठकीतला, तो या वर्षी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला कधीच बदलला नाही तरी चालेल.

कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलता ना? खारट पाण्याने वाळा कडक झाला की कूलर नुसता गरम वारा फेकत बसतो आणि तो तासन्‌तास चालू राहतो. कूलर खिडकीत हवा आणि समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी. बंद खोलीत फक्त दमटपणा वाढतो.

फ्रिजच्या दाराच्या रबराचीही परीक्षा घ्या. दहाची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर रबर सैल झालंय, थंडावा बाहेर जातोय. रबर बदलून मिळतं, त्यासाठी फ्रिज बदलायला नको. बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचा आकडा महिन्यातून एकदा जुळवून बघा. सरासरीवर बिल आलं असेल तर मीटरचा फोटो काढून लगेच कळवा. बिल निघाल्याच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत भरलं तर थोडी सूट मिळते, तीही सोडू नका.

प्रश्न : गॅस सिलिंडर 40 दिवस पुरायचा, आता महिनाही पुरत नाही. (गृहिणी, सातारा)

आधी ज्योत बघा. निळी नसून पिवळी, फडफडणारी असेल आणि भांडी काळी होत असतील तर बर्नर साफ करून घ्या. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाता कामा नये, बाहेरची आच वाया जाते. तूरडाळ अर्धा-पाऊण तास आणि राजमा-छोले रात्रभर भिजवा. डाळ, भात आणि बटाटे कुकरच्या एकाच लावणीत होऊ द्या, आणि शिट्टी झाली की आच मंद. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायला लागा. एवढं करूनही महिनाभर पुरला नाही, तर नळी आणि रेग्युलेटर तपासायला वितरकाचा माणूस बोलवा. गळतीच्या बाबतीत पैशाचा विचार करायचा नाही.

प्रश्न : सासूबाईंना रक्तदाब आणि साखर, दोन्हीच्या गोळ्या आहेत. महिन्याला औषधांचे अडीच हजार जातात. जेनेरिक औषधं घेतली तर चालतील का? भीती वाटते. (खासगी नोकरी, नाशिक)

भीती वाटणं समजू शकते, पण माहिती घेतली की ती कमी होते. गोळीच्या पट्टीवर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं : मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन. आपल्याला तेच हवं असतं, मोठं नाव नको. अशा मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधालाच जेनेरिक म्हणतात. जनऔषधी केंद्रात हीच औषधं निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात.

करायचं असं. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्याकडूनच औषधांची मूळ नावं लिहून घ्या. एक गोष्ट अगदी नीट पाहा : नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर ती गोळी शरीरात हळूहळू सुटणारी असते. तिच्या जागी त्याच नावाची साधी गोळी घ्यायची नाही. थायरॉइडच्या आणि फिटच्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका. नवीन गोळ्या सुरू केल्यावर महिनाभर घरी रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि साखर तपासा. आकडे जागेवर असले की सासूबाईंचीही खात्री पटेल. आणि खर्च जास्त होतो म्हणून एक दिवसाआड गोळी, असं कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नका.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचं 40 हजार बिल थकलंय. दर महिन्याला ‘मिनिमम’ रक्कम न चुकता भरतो, तरी बाकी कमी होत नाही. घरी सांगितलेलं नाही. (आयटी नोकरी, पुणे)

तुम्ही 40 हजारांवर 5 टक्के म्हणजे 2,000 रुपये भरता, असं धरू. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर 1,400 रुपये व्याजातच गेले. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 252. तुमच्या 2,000 तले 1,652 असे गेले. मुद्दल कमी झालं 348 रुपयांनी. पुढच्या आठवड्यात त्याच कार्डावर 500 चं जेवण मागवलंत की बाकी पुन्हा वर. एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो : बाकी थकलेली असताना नवीन खरेदीला ती बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के. गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवतो, तो यापेक्षा फार वेगळं काय घेतो?

आजच कार्ड सगळ्या ॲपमधून काढून टाका. मग कुठलंही स्वस्त कर्ज घेऊन हे एका फटक्यात फेडा. मुदत ठेव असेल तर ती मोडा. सात टक्क्यांची ठेव सांभाळत 42 टक्के भरण्यात अर्थ नाही. ठेव नसेल तर राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचं सोनेतारण कर्ज घ्या, ते बरंच स्वस्त पडतं. तेही नसेल तर पगारावरचं वैयक्तिक कर्ज. कार्ड कंपनी ‘बाकीचे हप्ते पाडून देतो’ म्हणाली तर व्याजदर आणि प्रक्रिया शुल्क दोन्ही लेखी मागा आणि मग तुलना करा.

आणि घरी सांगा. काउंटरवर मी अशी कितीतरी मुलं बघितली. पहिलं कार्ड फेडायला दुसरं घेतात आणि दुसरं फेडायला मोबाइलवरचं झटपट कर्ज. ज्यांनी 40 हजारांवर असतानाच आईवडिलांना किंवा बायकोला सांगितलं, ती लवकर सुटली. दोन दिवस घरात बोलाचाली होईल, ती होऊ द्या.

प्रश्न : माझे पती शेतमजुरी करतात, मी शिवणकाम. खर्च बसवण्यासाठी मी स्वतःसाठी दूध, फळं, अंडी बंद केली. दोन वेळा भाकरी-आमटी खाते, मुलांचं आणि मालकांचं सगळं नीट करते. अजून कुठे काटकसर करता येईल? (कोल्हापूर जिल्हा)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एक सांगते : तुम्ही बंद केलंत ते पुन्हा सुरू करा. ही काटकसर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यातल्या कितीजणी तुमच्यासारख्याच स्वतःच्या ताटातलं काढून घर चालवत असतील! तुम्ही मशीनवर बसता, दिवसभर पाय चालवता. चक्कर येऊन आठ दिवस शिवण बंद पडलं तर वाचवलेलं सगळं एका आठवड्यात जाईल.

महाग काही लागत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, मोडाची मटकी किंवा भिजवलेले हरभरे, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, दिवसाआड एक अंडं. कडधान्याच्या आमटीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा नको, तो तासाभराने घ्या.

पैसे काढायचे तर दुसरीकडून काढू. मोबाइल सगळ्यांचे किती आणि रिचार्ज किती, ते एका कागदावर मांडा. तंबाखू-गुटख्याचा रोजचा आकडा मालकांनाच लिहू द्या. रोज 20 रुपये म्हणजे महिन्याचे 600 आणि वर्षाचे 7,200. तुम्ही भांडू नका, फक्त आकडा त्यांच्याच अक्षरात येऊ द्या. कापड-दोरा आणायला कोल्हापूरला एसटीने जा, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. गल्लीतल्या भिशीत पैसे घालत असाल तर ही फेरी संपल्यावर थांबा. भिशी बुडाली तर दाद मागणं अवघड जातं. पोस्टात 100 रुपयांपासून आवर्ती ठेव उघडते. पतसंस्थेत ठेवायचं मनात असेल तर एवढं लक्षात असू द्या : बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. राज्याच्या सरकारी आरोग्य केंद्रांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. चिठ्ठीवर जो आकडा येईल तो मला पत्राने कळवा.