मुलांच्या कॅन्सरसाठी जमवलेले 12 लाख ट्रायल कोऑर्डिनेटरच्या पगारात घालावेत का?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगते. फोंड्यातल्या एका शाळेची दहावीची बॅच. वर्गमित्राची मुलगी रक्ताच्या कॅन्सरने गेली, तिच्या आठवणीसाठी सगळ्यांनी मिळून 12 लाख जमवले. एखादं मशीन द्यायचं असं ठरत होतं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, मशीन नको, मुलांच्या ट्रायलसाठी, म्हणजे कुठला उपचार जास्त चांगला ते मोजून बघणाऱ्या अभ्यासासाठी, तीन वर्षं एक कोऑर्डिनेटर द्या. त्यावरून ग्रुपवर वाद पेटला. काहींचं म्हणणं, आपल्या पैशांतून कुणाचा तरी पगार कशाला काढायचा? आणि काहींचं, ट्रायल म्हणजे मुलांवर प्रयोगच ना?

माझं उत्तर: पगारच द्या. मी मूळची डिचोलीची. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सहा वर्षं हेच काम केलं. म्हणजे मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

कोऑर्डिनेटर काय करतो हे डॉक्टर घाईघाईत सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, फायली सांभाळणारा कारकून असावा. फायली असतातच. पण मी एका दिवसाचं सांगते.

रक्ताच्या कॅन्सरचा मुलांमधला सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). अनेक प्रोटोकॉलांत, म्हणजे उपचारांच्या ठरलेल्या आराखड्यांत, पहिले सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि आठव्या दिवशी रक्तात कॅन्सरच्या पेशी किती उरल्यात ते मोजतात. मायक्रोलिटरमागे 1000 च्या खाली आल्या तर प्रतिसाद चांगला, नाहीतर मूल जास्त जोखमीच्या गटात जातं आणि पुढची औषधं कडक होतात. हे मोजमाप आठव्याच दिवशी व्हावं लागतं. दहाव्या दिवशी केलेल्या मोजणीवरून तो निर्णय घेता येत नाही.

पेडण्याचा एक सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे होता. पहिल्या दिवशी औषध सुरू झालं, मी डायरीत बोटं मोजत गेले आणि आठवा दिवस आला नेमका चवथीला. लॅबला सुट्टी. ड्युटीवरचा माणूस मशीनमधून काउंट काढून देईल, पण स्लाइड बघून पेशी मोजणारं कुणी नाही. मुलाचं अंग जरा सुधारलं होतं, त्यामुळे वडिलांनी कोकणकन्याची तिकिटं काढलेली. "चवथीक घरा वचपाक जाय," एवढंच ते म्हणत होते, आणि चवथीला घरी जायचं नाही हे गोंयकाराला कुणी सांगायचं? मी सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तोवर मी एका रेसिडेंट डॉक्टरला आधीच विनवून ठेवलं, सकाळी नऊला रक्त काढलं, त्याने स्लाइड केली, बसून मोजली. त्यांच्या घराण्यात कागदावरचा गणपती पुजायची रीत. धर्मशाळेतल्या खोलीत त्यांनी तसंच एक चित्र लावलं होतं, मला खिरीची वाटी दिली. आकडा काय आला ते सांगत नाही, तो त्या घराचा आहे. वेळेवर आला, एवढं सांगते.

डॉक्टर हे करत नाहीत का? त्यांना करायचं असतं, पण ओपीडीत साठ-सत्तर मुलं असताना आठवा दिवस कुणाचा आणि कधी, हे डोक्यात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

बाकीचं काम पटकन सांगते. आईबापांना संमतीपत्र त्यांच्या भाषेत समजावणं. सात ते अकरा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती, बारा वर्षांपुढच्याची लेखी. गंभीर दुष्परिणाम झाला तर चोवीस तासांत कळवणं, मग तो रविवार असो. अस्थिमज्जेचा (हाडातल्या गराचा) नमुना बर्फात घालून कुरिअरला देणं. फॉर्ममधल्या आकड्यांवर येणाऱ्या क्वेरी सोडवणं. यात अर्धं आयुष्य जातं. आणि उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं फोन करत राहणं. नंबर बदलतात, कुटुंबं गाव सोडतात. मग शेजारच्या दुकानदाराचा नंबर शोधून काढायचा.

आता पगार तुम्ही का द्यायचा? औषध कंपनी आपल्या नव्या औषधाची ट्रायल करते तेव्हा कोऑर्डिनेटरचे पैसे तीच देते. मुलांच्या कॅन्सरमध्ये मात्र बहुतेक महत्त्वाच्या ट्रायल डॉक्टरांनीच उभ्या केलेल्या असतात. प्रश्न असतो जुन्या, स्वस्त, पेटंट संपलेल्या औषधांचा: कोणतं आधी द्यायचं, किती द्यायचं, कुठे कमी करता येईल. मेथोट्रेक्सेटचा डोस बदलून कुठल्या कंपनीचा फायदा होणार? शिवाय मुलांचे कॅन्सर मोठ्यांच्या मानाने फार कमी, म्हणजे बाजारही छोटा. त्यामुळे डॉक्टर असतो, औषध असतं, मुलं असतात, पण लिहून ठेवणारा माणूस नसतो. श्रीमंत देशांतही हीच रड आहे. अमेरिकेत सेंट बाल्ड्रिक्स नावाची संस्था आहे. तिथे लोक जाहीरपणे मुंडण करून घेतात आणि त्यावर देणग्या गोळा करतात. आपल्याकडे मुंडणाचे पैसे न्हावी घेतो, तिथे उलटं आहे. ती संस्था संशोधकांना पैसे देतेच, शिवाय हॉस्पिटलांना ट्रायलचं मनुष्यबळ ठेवायला वेगळं अनुदान देते. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळं मागितलेलं नाही.

"आधी औषधं शोधा, नोंदी नंतर" असं ग्रुपवर कुणीतरी म्हणालं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ही गोष्ट सांगा. 1947-48 मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर या डॉक्टरांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. 10 मुलांत सुधारणा दिसली. तात्पुरती होती, पण तोवर कुणी तेवढीही पाहिली नव्हती. ते औषध बनलं होतं लेडर्ले कंपनीत, भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. मेथोट्रेक्सेटही त्याच घराण्यातलं. तरीही 1960 च्या दशकात एएलएलची दहातली एखाद-दुसरीच मुलं वाचत. आज श्रीमंत देशांत दहातली नऊ वाचतात. मधे नवी औषधं आली, पण उपचाराचा कणा अजूनही व्हिनक्रिस्टीन, स्टेरॉइड, अ‍ॅस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन हाच आहे, आणि ही सगळी 1970 च्या दशकापर्यंत हातात आलेली होती. एक ट्रायल संपली की तिच्या नोंदी वाचून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी साठ वर्षं मोजदाद झाली, तेव्हा एकाचे नऊ झाले. आठव्या दिवसाचा आकडा कुणीतरी लिहून ठेवला म्हणून झाले.

"प्रयोग" हा शब्द मी वॉर्डात रोज ऐकला. "म्हज्या भुरग्याचेर प्रयोग करतले?" (माझ्या पोरावर प्रयोग करणार?) असं एका आजीने मला विचारलं होतं, आणि तिचा राग बरोबर होता. परवानगीशिवाय कुणी काही करू लागलं तर तो राग हवाच. पण या ट्रायलमध्ये कुणाला औषधाऐवजी साखरेची गोळी देऊन बसवत नाहीत. एका बाजूला आजचा उत्तम ठरलेला उपचार, दुसऱ्या बाजूला तोच थोडा बदलून. कुठली बाजू मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. आईबाप कधीही बाहेर पडू शकतात, उपचार थांबत नाही. प्रत्येक ट्रायल एथिक्स कमिटीकडून जाते आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ही नोंद 2009 पासून सक्तीची आहे आणि तुम्ही घरबसल्या वाचू शकता.

आणि आपल्या मुलांसाठी आपल्याच देशात ट्रायल का, तर परदेशातला डोस इथल्या पोराला जसाच्या तसा झेपतो असं नाही. आपल्याकडे बरीच मुलं कॅन्सरने जात नाहीत, उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने जातात. म्हणून इथला प्रश्न अनेकदा "किती वाढवू" असा नसून "कुठे कमी करू" असा असतो. मर्कॅप्टोप्युरिनचंच घ्या. एनयूडीटी15 या जनुकातला एक फरक आशियाई लोकांत जास्त सापडतो, आणि तो असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसने धाडकन खाली येतात. मुंबई, दिल्ली, चंदीगड, कोलकाता, चेन्नई इथल्या केंद्रांनी मिळून एएलएलसाठी आयसिकल नावाची ट्रायल उभी केली, ती अशाच इथल्या प्रश्नांसाठी.

आता गोव्याचा हिशोब. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे 14.6 लाख. त्यात पंधरा वर्षांखालची मुलं धरा 3 लाखांच्या आसपास. जगभरातला दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण 140 नवे कॅन्सर असा आहे. म्हणजे आपल्याकडे वर्षाला चाळीसेक, तेही सगळे प्रकार मिळून. त्यातली काही मुलं बांबोळीला, काही बेळगावला किंवा मणिपालला, काही थेट मुंबईला. एकट्या गोव्यात ट्रायल होऊच शकत नाही, हे तुमच्यातल्या शंकेखोरांचं म्हणणं खरं आहे. पण म्हणूनच इथे माणूस हवा. मूल मुंबईच्या ट्रायलमध्ये नाव घालून परत आलं की पुढची दोन-अडीच वर्षं मेंटेनन्स, म्हणजे कमी डोसच्या औषधांचा लांब टप्पा, चालतो. रक्त इथे तपासलं जातं, ताप इथे येतो, डोस इथे कमी होतो, आणि यातलं काहीही मुंबईच्या फॉर्मवर पोचत नाही. आमच्याकडे गोव्याच्या मुलांच्या फायलींत मधले महिने कोरे असायचे. ते भरायला मी म्हापशाच्या एका लॅबवाल्याला इतके फोन केले की तो मला बहीण म्हणायला लागला.

पैसे देताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझी स्वतःची जागा एका अनुदानावर होती, तेही एकेका वर्षाचं. शेवटच्या वर्षी ते अनुदान वेळेत नव्याने मंजूर झालं नाही, चार महिने पगार नव्हता. पाचव्या महिन्यात मी दुसरीकडे गेले. ट्रायलमध्ये नवीन मुलं घेणं त्यांना थांबवावं लागलं, आणि माझ्या डोक्यातले दुकानदारांचे नंबर माझ्याबरोबर गेले. त्यामुळे 12 लाख एकाच वर्षात देऊ नका, तीन वर्षांत वाटून द्या. महिना 27 हजार धरला तर 36 महिन्यांचे 9 लाख 72 हजार होतात. उरलेले सव्वादोन लाख पीएफ, दरवर्षीची थोडी वाढ, मुंबईच्या खेपा आणि एक चांगला फोन यांना पुरतील, ओढूनताणून.

डॉक्टरच्या हातात किंवा त्यांच्या खात्यात काही देऊ नका, ते कितीही देवमाणूस असले तरी. संस्थेशी लेखी करार करा. त्यात ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक, या माणसाला दुसऱ्या कामाला जुंपणार नाही ही अट, आणि तीन वर्षांनंतर ही जागा कोण चालवणार याचं उत्तर लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नावर ते चाचरतील. चाचरू द्या, पण विचारा. दर सहा महिन्यांनी किती मुलं घेतली, किती मधेच सुटली, एवढे दोन आकडे मागा. मुलांची नावं मागू नका, ती मिळणारही नाहीत.

बॅचची नोंदणीकृत संस्था नसेल तर एकाच्या खात्यात जमवण्यापेक्षा प्रत्येकाने थेट हॉस्पिटलच्या संस्थेला बँकेतून द्यावेत. म्हणजे त्या संस्थेला तशी मान्यता असेल तर ज्याला त्याला देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळेल. जुन्या करपद्धतीत असाल तरच तिचा उपयोग, आणि 2000 रुपयांवरची रोख चालत नाही.

तुमच्यातला एक जण वेर्ण्याच्या कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीचा समाजकार्यावरचा खर्च, बघतो, आणि "पगार म्हणजे प्रशासकीय खर्च, पाच टक्क्यांच्या वर बसत नाही" असं त्याने सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याला नियम परत वाचायला सांगा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा पगार तिच्यात मोडत नाही. शिवाय सीएसआरमधला अनेक वर्षांचा प्रकल्प, तो सुरू झालेलं वर्ष सोडून, पुढे तीन वर्षं चालवता येतो. म्हणजे तुमचे पैसे संपतील तिथून कंपनीने उचलावं, असं आत्ताच बोलून ठेवता येईल.

राहिली पाटी. मशीनवर नाव कोरता येतं, माणसावर कसं कोरणार, म्हणून कुणीतरी सुचवलं की कोऑर्डिनेटरच्या बिल्ल्यावर मुलीचं नाव घालावं, "कै." लावून. तेवढं करू नका. त्या वॉर्डात कालच निदान झालेल्या मुलाची आई समोर बसलेली असते, आणि ती सगळ्यात आधी बिल्लाच वाचते. नाव करारावर घाला, पगाराच्या नोंदीत त्या जागेला द्या, हवं तर सहा महिन्यांच्या अहवालावर छापा. आणि वडिलांना एकदा विचारा. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात त्यांना काय वाटतं ते कुठेच आलेलं नाही.