बीबीसी रेडिओ ४ वर दिवसभर नुसतं बोलणंच असतं म्हणतात. त्यातलं नेमकं काय ऐकावं?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी लीड्सला आलात, ऑफिसातलं इंग्रजी समजतं पण बसमधलं डोक्यावरून जातं, म्हणून कुणीतरी रेडिओ ४ ऐकायला सांगितलं. वेळापत्रक उघडलं तर कार्यक्रमांची ही लांबलचक यादी, त्यातले कोणते निवडू, असं विचारताय.

एकही निवडू नका. सोमवार ते शुक्रवारमधला एखादा रजेचा दिवस घ्या, सकाळी रेडिओ लावा आणि झोपेपर्यंत बंद करू नका.

मी हल या इंग्लंडमधल्या बंदराच्या शहरात राहते, बारा वर्षं झाली. घरीच शिवणकाम करते: पँटची लांबी कमी कर, ब्लाउज उसव, झिप बदल. हात मशीनवर असतात, कान मोकळे. त्यामुळे हा रेडिओ मी अथपासून इतिपर्यंत ऐकलेला आहे.

सकाळी ६ ते ९ बातम्या आणि मुलाखती. मंत्र्यांना इथे फार सरळ प्रश्न विचारतात, ऐकायला बरं वाटतं, पण पहिल्या दिवशी नावंच कळणार नाहीत. कळू नयेत. चालू द्या. १० वाजता बायकांचा तास, वूमन्स अवर. १९४६ पासून चालू आहे. रजोनिवृत्तीवर इतकं मोकळेपणाने बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकलं. हातातली सुई तशीच राहिली होती. आमच्या घरात आईने हा शब्दही कधी उच्चारला नाही.

मग बहुतेक तासांना वेळ सांगणारे ते टोले. पाच छोटे आणि सहावा लांब. तो लांब टोला सुरू होतो तेव्हा तास भरतो. १९२४ पासून हे चाललंय. एक लक्षात ठेवा, फोनवर किंवा डिजिटल रेडिओवर ते काही सेकंद उशिरा ऐकू येतात. घड्याळ लावायचं असेल तर साधा एफएम रेडिओच हवा. चॅरिटी शॉपमध्ये जुना मिळून जाईल, बहुतेक ठिकाणी ९२ ते ९६ च्या दरम्यान स्टेशन लागतं.

दुपारी २ ला ‘द आर्चर्स’, आदल्या संध्याकाळचा भाग पुन्हा. अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबांची ही मालिका देशभर १ जानेवारी १९५१ ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, तेव्हा शेतकऱ्यांना नवी माहिती गोष्टीतून द्यायची म्हणून ती काढली. आपल्याकडेही १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं केली होती. लोक एकत्र बसून ऐकायचे आणि मग चर्चा करायचे. इथे ते काम गोष्टीवर सोपवलं. सुरुवातीला तुम्हाला कोण कुणाचा मेहुणा ते कळणार नाही. आकाशवाणीवरची ‘पुन्हा प्रपंच’ ही कौटुंबिक मालिका ऐकत वाढलेल्या माणसाला पंधरा दिवसांत कळेल.

तुमच्या बसच्या इंग्रजीसाठी मात्र शुक्रवारी दुपारी ३ चा बागकामाचा कार्यक्रम. १९४७ पासूनचा. तज्ज्ञ मंडळी गावोगाव जातात, तिथले लोक प्रश्न विचारतात. कुणी कॉर्नवॉलचं, कुणी यॉर्कशायरचं, प्रत्येकाचे स्वर वेगळे. तुमच्या बसमधली माणसं हीच. मी होऊन हा कार्यक्रम कधीच लावला नसता, दोन कुंड्या कोथिंबिरीपलीकडे माझी बाग नाही. पण तो आपोआप लागला, आणि गोगलगायींचा बंदोबस्त या विषयावर मी शेजारच्या आजींशी कुंपणावरून पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोलले. त्याआधी दोन वर्षं आमचं फक्त ‘मॉर्निंग’ होतं.

संध्याकाळी ६ ला बिग बेनचे ठोके आणि अर्धा तास बातम्या, साडेसहाला विनोदी कार्यक्रम. विनोद शेवटी समजतात, घाबरू नका. ‘जस्ट अ मिनिट’ लागलं तर जरूर ऐका: न अडखळता, शब्द पुन्हा न वापरता, विषय न सोडता एक मिनिट बोलायचं. मी कणीक मळताना मराठीत करून पाहिलं, वीस सेकंदांच्या पुढे जात नाही.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. रात्री १२ वाजून ४८ मिनिटांनी जहाजांसाठी हवामान सांगतात. ब्रिटनभोवतीचा समुद्र ३१ भागांत वाटलेला आहे, एकेकाचं नाव घेत जातात: टाईन, डॉगर, फिशर, जर्मन बाईट, हंबर, थेम्स. मग वाऱ्याची दिशा आणि जोर, समुद्र कसा आहे, पाऊस, शेवटी नजर किती लांब पोचेल. ‘गुड, ऑकेजनली पुअर’ म्हणजे एरवी लांबवर दिसेल, मधूनमधून दिसणार नाही. क्रियापद जवळजवळ नाहीच. वाचणारा सावकाश वाचतो, कारण पलीकडे कुणीतरी लिहून घेत असेल.

मी हर्णैची. बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते. पावसाळ्याच्या तोंडावर ते ट्रान्झिस्टर कानाला लावून रत्नागिरी केंद्रावरचा मच्छीमारांसाठीचा इशारा ऐकायचे, आणि त्या वेळी घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. धोक्याचा तीन नंबरचा बावटा म्हटलं की आई चुलीपाशी नुसतीच उभी राहायची. हलला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात झोप येईना म्हणून रेडिओ चालू ठेवला होता, आणि त्या अनोळखी नावांमध्ये ‘हंबर’ आलं. आमच्या हलची खाडी. भाषा परकी होती, पण तो आवाज कशासाठी आहे हे मला एका क्षणात कळलं.

नंतर इथल्या बायकांकडून ऐकलं की १९६८ च्या हिवाळ्यात हलची तीन मासेमारी जहाजं बुडून ५८ माणसं गेली. एका जहाजावर रेडिओ ऑपरेटरच नव्हता. डोक्याला रुमाल बांधलेल्या कोळणी, लिलियन बिलोका त्यांच्या पुढे, प्रत्येक जहाजावर रेडिओवाला हवाच म्हणून गोदीवर आणि थेट लंडनला जाऊन भांडल्या.

अंदाज संपला की राष्ट्रगीत वाजतं आणि १ वाजता वर्ल्ड सर्व्हिस सुरू होते. तिथे बंद केलंत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असेल तर अंदाजाआधीच झोपा, पण निदान एकदा तरी जागे राहा.